माझ्या हातचं पाणी

५ मे, सोमवार

काल, रविवार दिनांक चार मे रोजी, सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, दीडशे माणसांसमोर हातात माइक धरून तू म्हणालीस, "माझा आजवर बाप्तिस्मा झालाच नव्हता." वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात जन्माच्या आणि मरणाच्या वेळा मीच लिहीत आले. काही भयंकर घडलं की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते.

मग तू शिडीवरून त्या निळ्या टाकीत उतरलीस. तुमच्या पाळकांनी तुझं नाक चिमटीत धरलं, तुला पाठीवर आडवं करून पाण्याखाली घातलं आणि वर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मोठी बहीण होते.

तिने मला पाणी प्यायला दिलं. त्या हॉलमध्ये पाण्याची कमी नव्हती.

फोनवर तू एवढंच सांगितलं होतंस की छोटासा कार्यक्रम आहे, पुढच्या रांगेत जागा धरलीय. मला वाटलं, पंचवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात घालवलीस, मालकाला उशिरा का होईना अक्कल आली असेल आणि तो तुझा सत्कार करत असेल. मी इस्त्रीचे कपडे घालून आले. बसमध्ये दोघांना सांगितलंसुद्धा, बहिणीचा सत्कार आहे म्हणून.

बारके, मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचे असतात हे मला ठाऊक आहे. ते सध्या राखून ठेवते.

तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते. तू सातव्या महिन्यात जन्मलीस, दुपारी तीनच्या सुमारास, आईच्या खोलीत. आधी तो, तुझा जुळा भाऊ, आणि मागून तू. दोघंही निळी. मी एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीवर घरी आलेली. सुईण आईचा रक्तस्राव थांबवण्यात गुंतली होती आणि फादरांचं घर दोन कोसांवर. शाळेत मदरनी आम्हा मुलींना लाकडी बाहुलीवर शिकवलं होतं, की मूल दगावत असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि चर्च जे करतं तेच करायचा मनात हेतू हवा. मी दिला. आधी त्याला, मग तुला. तुझ्या टाळूवर पाणी पडलं मात्र, तू अशी किंचाळलीस की आईने शुद्धीवर येऊन विचारलं, कोण रडतंय?

तू. तू रडत होतीस. तो नाही रडला. तो दहा मिनिटांत गेला, पण बाप्तिस्मा घेऊन गेला. म्हणून तो आज चर्चच्या आवारात आजोबांच्या शेजारी आहे. त्या काळी पाणी न पडलेल्या बाळांना कुंपणापलीकडे पुरत, नावाची पाटीही न लावता.

पाणी उकळून गार केलेलं होतं. स्वच्छ होतं. हे सगळं तुला आईने शंभरदा सांगितलंय. आणि तू माइकवर काय सांगितलंस? "माझ्या बहिणीने घाबरून काहीतरी शिंपडलं होतं."

शिंपडलं नव्हतं. ओतलं होतं, तीन वेळा. शिंपडतात ते इस्त्रीच्या कपड्यांवर.

खुलासा लेखी हवा.

ताई


११ मे, रविवार

मी लेखी खुलासा मागितला होता. तू माझ्या फोनवर चार मिनिटं अकरा सेकंदांचा आवाज पाठवलास. त्यात एक मिनिट तुझ्या रस्त्यावरचा कुत्रा बोलतो. त्याचं म्हणणं तुझ्यापेक्षा मुद्देसूद वाटलं.

तरी मी तो दोनदा ऐकला. तुझं म्हणणं असं, की बाप्तिस्मा म्हणजे ज्याने आधी विश्वास ठेवला त्याने दिलेली साक्ष. तान्ह्या बाळाला ना पाप कळतं ना पश्चात्ताप, मग ते साक्ष कसली देणार? तू मागच्या हिवाळ्यात, दुकानात काचा पुसताना, एकाएकी नव्याने जन्मलीस. आणि आता तू कधीच हरवणार नाहीस, कारण एकदा देवाने हातात घेतलेला माणूस त्या हातातून कोणीही काढून घेऊ शकत नाही, स्वतः तो माणूससुद्धा नाही.

दुसऱ्यांदा ऐकून होईपर्यंत चहा गार झाला.

आम्हाला मदरनी शिकवलं होतं की कृपा मिळते, पण ती रोज जपावी लागते. पडलं तर उठायचं, शनिवारी फादरांपुढे पापांची कबुली द्यायची, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं. आम्ही आयुष्यभर आत्म्याचं तारण काचेच्या भांड्यासारखं दोन्ही हातांनी धरून चाललो. तुमचं स्टीलचं दिसतंय. पडलं तरी नुसता आवाज होतो.

हे मी चेष्टेत लिहितेय असं समजू नकोस. मला खरोखर धक्का बसलाय. बावन्न वर्षांची बाई, जगाचे नंबर तपासणारी, छातीठोकपणे सांगते की तिला आता भीती नाही. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि मला रोज भीती वाटते.

नव्या जन्माबद्दल तू मला शिकवू नकोस. मी किती जन्म पाहिले याची गणती नाही. एकही बाळ स्वतः विश्वास ठेवून बाहेर आलं नाही. कोणी तरी त्याला धरलं, कोणी तरी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, कोणी तरी त्याच्या वतीने घाई केली. म्हणून ते जगलं. बाप्तिस्म्याचंही तसंच आहे, असं आम्ही मानतो. मूल काही करत नाही. दुसरा करतो.

पण माझा राग त्यावर नाही. तुझ्या पाळकांशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही, गुडघेही नाहीत. राग यावर आहे, की तुझ्यावर पडलं ते जर काहीच नव्हतं, तर त्याच्यावर पडलं तेही काहीच नव्हतं. त्याला नंतर मोठं होऊन टाकीत उतरायची सोय नव्हती. त्याच्याकडे तेवढंच होतं. माइक हातात घेताना हे तुझ्या मनात आलं का? आई नऊ वर्षांपूर्वी गेली ते बरं झालं. तिने आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की तिचा मुलगा रिकाम्या हाताने गेला नाही.

येत्या शनिवारी मी फादरांकडे जातेय. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तुम्हा दोघांची नावं एकाखाली एक आहेत. त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घेईन आणि सोबत फादरांचं पत्र, की हा बाप्तिस्मा पूर्ण आणि खरा होता. दोन्ही तुला रजिस्टर पोस्टाने पाठवीन. मग लाव तुझ्या हॉलच्या भिंतीवर.

ताई


१७ मे, शनिवार

प्रत सोबत नाही. कारण सांगते.

फादर आता फार थकलेत. ऐकू कमी येतं, त्यामुळे कबुलीला त्यांच्याकडे गर्दी असते. त्यांनी नोंदवही काढली, पान उघडलं. वर तो, खाली तू. जन्माची तारीख एक. बाप्तिस्म्याची तारीख एक. देणाऱ्याच्या नावापुढे माझं नाव, दोन्हीकडे. त्याच्या ओळीत शेवटी एक छोटा क्रूस.

प्रत लगेच देतो म्हणाले. पण बाप्तिस्मा खरा होता असं पत्र हवं असेल, तर तो देणारी व्यक्ती हयात असताना तिला तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यावी लागतात. शब्द कोणते म्हणालात? मनात काय हेतू होता? कशाने दिलात?

हे तीन प्रश्न मी स्वतः शिकाऊ नर्सना विचारत असे, बारके. आमच्या प्रसूतिगृहात दर वर्षी नव्या मुली येत, त्यांतल्या आपल्या मुलींना मी बाजूला घेऊन ते शिकवत असे. घोकून घेत असे. एक मुलगी एकदा गडबडून म्हणाली, "सिस्टर, पाणी नसेल तर दूध चालेल का?" मी तिला दिवसभर बेसिन घासायला लावलं होतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याला मी म्हटलं, पाणी, दुसरं काय असणार. फादरांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."

मला पुन्हा सांगता आलं नाही. मला चक्कर आली. तिथे हवा कमी आहे, खिडक्या उघडत नाहीत, सकाळी मी नुसत्या पावावर निघाले होते. फादरांनी मला बाकावर आडवं केलं आणि वहीनेच वारा घातला. मी सांगितलं, पुढच्या शनिवारी येते.

एवढंच झालं. तू काळजी करू नकोस आणि यायचं कारण नाही. रक्तदाब मी स्वतः मोजलाय. ठीक आहे.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या पाळकांनी तुला बुडवताना कोणते शब्द म्हटले ते मी नीट ऐकलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघांचंही नाव घेतलं. मी सहज फादरांना विचारलं, असला टाकीतला बाप्तिस्मा आपल्याकडे धरतात का? ते म्हणाले, पाणी होतं, शब्द बरोबर होते, तर धरतात. मात्र आधी एक झालेला असेल तर दुसरा होत नाही. तो माणसाच्या आयुष्यात एकदाच होतो.

सहज विचारलं होतं.

ताई


२० मे, मंगळवार

परवा तू आलीस. मी दार उघडणार नव्हते.

"ताई, दार उघड. तुझ्या चपला दिसतायत मला खिडकीतून."

मी आतून म्हटलं, चपला घरात आहेत म्हणजे माणूस आहेच असं नाही.

"मग आता चपला बोलतायत वाटतं."

उघडावं लागलं. फादरांनी तुला फोन केला हे मला आवडलेलं नाही. ऐकू येत नाही म्हणतात आणि बोलायचं सगळं बोलतात.

तू आत येऊन आधी माझा चष्मा काढून घेतलास. पुसलास, पर्समधून तो तुझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून डावी काडी घट्ट केलीस, आणि मला खिडकीशी उभं करून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावलीस. नंबर वाढलाय म्हणालीस. मी म्हटलं, वयही वाढलंय. चष्मा माझ्या नाकावर ठेवताना तू माझ्या कानामागचे केस नीट केलेस. आई करायची तसे. मी त्याला तयार नव्हते.

मग तू बोललीस ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्या शब्दांमुळेच हे पत्र लिहावं लागतंय.

"ताई, माझं चुकलं. माझा विश्वास बदलला हे खरंय, त्याची माफी मी मागणार नाही. पण झालाच नव्हता, शिंपडलं, असं बोलायला नको होतं. तू नसतीस तर मी नसते. येत्या रविवारी मी पुन्हा माइक मागून घेतलाय. सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या बहिणीच्या हातचं पाणी पडलं आणि मी रडले, म्हणून जगले. आणि तोही त्याच पाण्यानिशी गेला."

मी म्हटलं, काही गरज नाही.

"आहे. आई असती तर तिने मला कानाला धरून नेलं असतं."

तू गेल्यावर मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता नीट वाच. चष्मा पूस हवा तर.

आईच्या खोलीतल्या खिडकीत सुईणीने दोन बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्ही तपकिरी, औषधाच्या. एकीत उकळून गार केलेलं पाणी. दुसरीत नाळ पुसायला स्पिरिट. सुईणीला त्या डोळे मिटूनही ओळखता आल्या असत्या. मला नाही. मी एक उचलली. त्याच्या टाळूवर तीन वेळा ओतली, तुझ्या टाळूवर तीन वेळा ओतली. शब्द बरोबर होते, हेतू बरोबर होता. खोलीत रक्ताचा, फिनाइलचा, घामाचा वास होता. मला वेगळं काही कळलं नाही.

तू किंचाळलीस, बारके, ती स्पिरिटच्या गारठ्याने. कुठल्याही बाळाच्या अंगावर ते पडलं तर ते तसंच किंचाळेल. पुढे चौतीस वर्षांत कापसाचा नुसता बोळा लागला तरी किंचाळणारी बाळं मी रोज पाहिली.

मला कळलं ते संध्याकाळी, त्याला पुसायला घेतल्यावर. त्याच्या केसांना आमच्या वॉर्डचा वास येत होता. मी खिडकीशी गेले. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. तो जाऊन तीन तास झाले होते. मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देत नाहीत, हेही मदरनी त्याच धड्यात शिकवलं होतं.

तुला देता आला असता. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढच्या कुठल्याही दिवशी. नळ उघडायचा, ओंजळभर पाणी, अर्धा मिनिट. आठव्या दिवशी तुला चर्चमध्ये राहिलेल्या विधींसाठी नेलं. तेव्हाच्या फादरांनी मला विचारलं, "काही शंका आहे का? असेल तर मी पुन्हा ओततो, त्यासाठी वेगळे शब्द आहेत." आई पहिल्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, शंका नाही, फादर.

तुझ्यावर पुन्हा पाणी ओतायचं, तर त्याच्यावर ते पडलं नव्हतं हे आईसमोर कबूल करावं लागलं असतं. मग त्याला आजोबांच्या शेजारून काढून कुंपणापलीकडे नेलं असतं. मी त्याची जागा राखली आणि त्यासाठी तुला बावन्न वर्षं तशीच ठेवली. तुझं पहिलं ख्रिस्तशरीर, तुझं दृढीकरण, तुझं लग्न, चर्चमधले सगळे संस्कार, पाया नसलेल्या घरावर मजले चढवल्यासारखे. तू तापलीस की मी रजा टाकून धावत यायचे. तुला वाटायचं, ताईचा किती जीव आहे. जीव होताच. पण एका हाताने तुझं कपाळ बघायचे आणि पर्समध्ये पाण्याची छोटी बाटली असायची. तू बरी व्हायचीस आणि मी ती तशीच परत आणायचे.

दर शनिवारी मी कबुली दिली. हे सोडून सगळ्याची.

तेव्हा चार मे रोजी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी तू माइकवर बोललीस ते अक्षरशः खरं होतं. त्या हॉलमध्ये ते ठाऊक असलेली मी एकटी होते. मला धक्का बसला तो खोटं ऐकून नाही.

तुझं आता मिटलं. टायरच्या वासाची असो, त्या टाकीत पाणी होतं, शब्द बरोबर होते, आणि आधीचा झालेला नव्हता. आमचे फादर आणि तुमचे पाळक एका गोष्टीवर सहमत होतील असा हा पहिलाच प्रसंग असेल. त्यांना कळवायची घाई करू नकोस, चढेल त्यांना.

शनिवारी, २४ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता मी फादरांसमोर बसून तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर देणार आहे आणि सही करणार आहे. नोंदवहीतल्या दोन्ही ओळी रद्द होतील. एक ओळ ठेवून दुसरी खोडता येत नाही. फादर म्हणतील, त्याला देवाच्या दयेवर सोपवा, हल्ली असंच सांगतात, कुंपण आता राहिलं नाही. मी त्यांना विचारणार आहे की मग हे एकोणीस वर्षांच्या मुलीला का नाही सांगितलं? आई गेल्यावर नियम सैल करून काय उपयोग?

आणि रविवारी तू माइक घेशील तेव्हा हे वाचलेलं असशील. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. माझ्या हातच्या पाण्याचं नाव मात्र घेऊ नकोस.

पण सहीच्या आधी मला तुझं उत्तर हवं. माझ्याबद्दल नको. मला माफ करायचं की नाही यावर आपण नंतर सावकाश भांडू, दोघींनाही त्याची सवय आहे. त्याच्याबद्दल हवं. तू म्हणतेस, एकदा त्या हातात गेलेला निसटत नाही. जो दहाच मिनिटं होता, ज्याने विश्वास ठेवला नाही कारण डोळेच उघडले नाहीत, ज्याला पाणी मिळालं नाही कारण मी चुकीची बाटली उचलली, तो त्या हातात आहे की नाही?

तुमच्या पाळकांचं मत नको. छापील पुस्तिका नको. फोनवर आवाज तर मुळीच नको. जन्माआधी सात महिने तू त्याच्या शेजारी होतीस. या जगात त्याची ओळख असलेली तू एकटी उरलीस. म्हणून तुला विचारतेय.

कागदावर, तुझ्या अक्षरात, एका ओळीत, खाली सही करून, शनिवारी दुपारी चारच्या आत माझ्या दारावरच्या पेटीत टाक. तू हो लिहिलंस, नाही लिहिलंस, ठाऊक नाही लिहिलंस, तरी पाच वाजता मी सही करणारच आहे. पण पेन उचलण्याआधी मला ते वाचायचं आहे.

ताई